कीड-इशारा स्पॅममध्ये अडकू नये म्हणून

रायपूर परिसरातील भातावर तपकिरी तुडतुडे वाढले, की चुडाच्या बुंध्याशी पाहणी करून उपाय योजण्यास थोडेच दिवस मिळतात. त्यानंतर शेतात जळाल्यासारखे गोलाकार चट्टे दिसू लागतात. अशा वेळी ई-मेलने पाठविलेला सल्ला स्पॅममध्ये पडला, तर तो न पाठविल्यासारखाच ठरतो.

प्रमाणित बियाण्याची ओळख पिशवीवरील निळ्या लेबलाने पटते. ई-मेल सेवाही प्रेषकाची ओळख अशीच पडताळतात. संस्थेच्या नावाने कोणत्या सर्व्हरने ई-मेल पाठवावेत, हे ‘एसपीएफ’ सांगते. मजकूर वाटेत बदललेला नाही, याची खात्री ‘डीकेआयएम’ ही डिजिटल स्वाक्षरी देते. पडताळणी फसल्यास ई-मेलचे काय करावे, हे ‘डीमार्क’ ठरविते. संस्थेच्या नावावर खपविलेली बनावट कीटकनाशक-शिफारस रोखण्यासही हीच व्यवस्था उपयोगी पडते.

जीमेल खात्यांवर दररोज ५,००० हून अधिक ई-मेल पाठविणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही व्यवस्था बंधनकारक आहेत. स्पॅम-तक्रारींचे प्रमाणही ०.३ टक्क्यांखाली ठेवावे लागते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी संमतीविना कोणाचाही पत्ता यादीत घालू नये आणि बंद पत्ते वेळोवेळी वगळावेत. शेतकऱ्यांनी हंगामात स्पॅम-कप्पाही पाहावा. खरा सल्ला तेथे आढळल्यास ‘स्पॅम नाही’ अशी नोंद करावी.