औषधाची परीक्षा

गतवर्षीं पावसाळा सरल्यावर आमच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना चालू असतां इयत्ता नववींतील एक विद्यार्थी पाय घसरून पडला व त्याचें डोकें कडेच्या दगडावर आपटलें. क्षणभर त्याची शुद्ध हरपली. त्यास तत्काळ इस्पितळांत नेलें. डॉक्टरांनीं डोळ्यांत प्रकाश पाडून बाहुल्या पाहिल्या, यंत्रानें कवटीच्या आंतलें चित्र काढिलें, रात्रभर घटकेघटकेस त्यास जागें करून नांव विचारिलें, आणि दुसरे दिवशीं सकाळीं घरीं धाडिलें. मुलगा आज पूर्ववत् खेळत आहे. परंतु त्याच्या आजोबांचा राग कांहीं गेला नाहीं. "एवढा मार लागला, आणि सुजेवर एक इंजेक्शनसुद्धां दिलें नाहीं! आमच्या वेळीं डोक्यास मार लागला कीं पहिलें इंजेक्शन सुजेचें असे," असें ते स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आम्हांस म्हणाले.

आजोबांचें म्हणणें खोटें नव्हे. त्यांच्या तरुणपणीं डोक्यास जबर मार लागलेल्या रुग्णास स्टेरॉइड जातीचें औषध देण्याची चाल अनेक देशांत होती. ती चाल कशी पडली व पुढें कशी मोडली, ही हकीकत विद्यार्थ्यांस व पालकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण तिच्यांत हजारों जिवांचा प्रश्न गुंतलेला होता.

प्रथम मेंदूचें घर पाहूं. रात्रीं हरभरे भिजत घालतांना आई पातेलें मोठें घेते. सकाळीं ते फुगणार हें तिला ठाऊक असतें. तेच हरभरे पाण्यासह एखाद्या डब्यांत कांठोकांठ भरून वर घट्ट झांकण बसविलें तर काय होईल? मेंदूची स्थिति अशीच आहे. हातापायास सूज आली तर कातडी ताणते व सुजेस जागा मिळते. कवटी ताणत नाहीं. सूज वाढली कीं आंतील दाब वाढतो. दाब वाढला कीं हृदयाकडून येणाऱ्या रक्तास आंत शिरणें कठीण होतें. रक्त कमी पडलें कीं मेंदूच्या पेशी अधिकच सुजतात. म्हणून पुष्कळदां दगडाच्या आघातानें होत नाहीं तेवढी हानि नंतरच्या एकदोन दिवसांत होते. सूज उतरविणारें औषध हातीं असावें असें डॉक्टरांस वाटलें तर त्यांत नवल तें काय?

आणि तसें औषध हातीं आलें होतें. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथि असते. तिच्यांतून मिळणाऱ्या द्रव्यांपैकीं कॉर्टिझोन हें द्रव्य १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिक येथें डॉ. फिलिप हेंच यांनीं सांधे आंखडून अगदीं पंगु झालेल्या एका स्त्रीस टोचलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. दोन वर्षांनीं हेंच, केंडल व राइखस्टाइन ह्या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें ह्याच कुळांतील डेक्सामेथासोन हें औषध गॅलिसिच व फ्रेंच ह्या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं मेंदूंत गांठ झालेल्या रुग्णांस दिलें, व गांठीभोंवतालची सूज झपाट्यानें उतरते असें १९६१ सालीं प्रसिद्ध केलें. हें खरें होतें, व आजही त्या कामीं तें औषध वापरतात.

येथून पुढचें पाऊल सहज पडलें. गांठीची सूज उतरते, मग माराची सूज कां उतरूं नये? तर्क दिसावयास सरळ होता. पण दोन्ही सुजांची जात एक नव्हती. गांठीभोंवतीं मुख्यतः रक्तवाहिन्या पाझरून पाणी सांचतें. मारानें पेशी स्वतःच फुगतात, चिरडतात, मरतात. तरीही तीस वर्षांहून अधिक काळ कित्येक डॉक्टर हें औषध डोक्याच्या माराकरितां देत राहिले. ते निष्काळजी होते असें कोणी समजूं नये. रोग्यावर माया होती म्हणूनच ते देत होते.

मग चूक त्यांच्या ध्यानांत कां आली नाहीं? समजा, एका इस्पितळांत वर्षाकाठीं असे १०० रुग्ण येतात व औषधाशिवाय त्यांतील १८ दगावतात. औषधामुळें ते २१ होऊं लागले, तर डॉक्टरांस तें कळेल काय? एका वर्षीं १५ जातात, दुसऱ्या वर्षीं २३ जातात. हा चढउतार नेहमींचाच. शिवाय जो वांचला त्याचे आईबाप डॉक्टरांचे पाय धरतात व औषधाचें नांव घेतात. जो गेला त्याच्याविषयीं "मारच मोठा होता" असें म्हणतात. औषध दोन्हीकडून निर्दोष सुटतें. आमच्या मतें ह्या सबंध विषयांतील मर्म तें हेंच. डोळे उघडे ठेवून पाहणारा, प्रामाणिक व अनुभवी असा मनुष्यही शेंकडा तीनचा फरक नुसत्या नजरेनें पाहूं शकत नाहीं.

तो पाहण्याची रीति निराळी आहे. रुग्णांचे दोन गट करावे, एकास औषध द्यावें, दुसऱ्यास देऊं नये. आणि कोणी कोणत्या गटांत जावें हें डॉक्टरांनीं न ठरवितां चिठ्ठीनें ठरावें. डॉक्टरांनीं निवड केली तर ते नकळत ज्याची आशा अधिक त्यास औषध देतील, किंवा ज्याची दशा वाईट त्यास देतील, आणि मग दोन गटांची तुलना खोटी ठरेल. फुफ्फुसांच्या क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन ह्या औषधाची परीक्षा ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलनें अशीच केली, व तिचा निकाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. तिची आंखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्या गणितज्ञ वृत्तीच्या गृहस्थांनीं केली होती. औषध इतकें दुर्मिळ होतें कीं सर्वांस पुरणें शक्यच नव्हतें. तेव्हां चिठ्ठी हाच न्याय होता. रुग्ण एकंदर १०७. औषध मिळालेल्या ५५ पैकीं सहा महिन्यांत ४ मेले. नुसती विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४ मेले.

तेथें फरक मोठा होता म्हणून १०७ रुग्ण पुरले. डोक्याच्या माराच्या बाबतींत लहान लहान परीक्षा अनेक झाल्या, पण १९९७ सालीं त्या सर्व एकत्र मांडल्या तेव्हां एकंदर रुग्ण अवघे दोन हजारांच्या आसपास भरले, आणि औषध तारक कीं मारक हें त्यांवरून सांगतां येईना. म्हणून लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन येथील डॉ. इयन रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं 'क्रॅश' नांवाची मोठी परीक्षा आरंभिली. ४९ देशांतील २३९ इस्पितळें तींत सामील झालीं. मार लागून आठ तासांच्या आंत आलेल्या व शुद्ध पुरी नसलेल्या प्रौढ रुग्णांपैकीं निम्म्यांस ४८ तास स्टेरॉइड, व निम्म्यांस तसेंच दिसणारें पण औषध नसलेलें द्रव्य शिरेंतून दिलें. कोणत्या पेटींत काय आहे हें डॉक्टरांस, परिचारिकांस वा नातलगांस ठाऊक नव्हतें. वीस हजार रुग्ण घेण्याचा संकल्प होता. परंतु आंकड्यांवर गुप्तपणें लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र मंडळानें २००४ सालीं काम थांबविण्यास सांगितलें.

त्या वेळेपर्यंत १०,००८ रुग्ण झाले होते. पेट्या उघडल्या. औषध न मिळालेल्यांत दोन आठवड्यांच्या आंत शेंकडा १७.९ मृत्यु, औषध मिळालेल्यांत शेंकडा २१.१. म्हणजे जें औषध जीव वांचवितें म्हणून देत होते, तें शंभरांमागें तिघांचा जीव अधिक घेत होतें. मार सौम्य असो वा भारी, लवकर औषध दिलेलें असो वा उशिरां, निकाल फिरला नाहीं. मृत्यु वाढण्याचें कारण म्हणून जंतुसंसर्ग, पोटांतील रक्तस्राव वगैरे गोष्टी तपासल्या, पण त्यांनीं हिशेब जुळला नाहीं. कारण न कळतांही गोष्ट मात्र निश्चित झाली, आणि ती चाल मोडली.

येथें एखादी माउली विचारील, "माझें लेंकरूं बेशुद्ध पडलें असतां तुम्ही त्याच्या नांवें चिठ्ठी टाकावी, हें कसले वैद्यक?" प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. बेशुद्ध मनुष्याची संमति घेतां येत नाहीं, आणि नातलग येईपर्यंत थांबल्यास वेळ निघून जातो. म्हणून अशा परीक्षांस प्रत्येक ठिकाणीं नीतिविषयक समितीची पूर्वपरवानगी लागते. तरी आमचें उत्तर असें आहे कीं, चिठ्ठी आधींही पडतच होती. एका इस्पितळांतले डॉक्टर स्टेरॉइड देत, पलीकडच्या इस्पितळांतले देत नसत. रुग्णवाहिका कोणत्या दारीं थांबेल ह्यावर औषध ठरे. मात्र ह्या चिठ्ठीपासून कोणी कांहीं शिकत नव्हतें.

आतां मेंदूकडून फुफ्फुसांकडे वळूं. कारण हेंच औषध तेथें निराळ्या वेषांत भेटतें. १९६७ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनीं बारा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कोणास अपघात झाला होता, कोणास जंतुसंसर्ग. पण शेवट सर्वांचा एकसारखा: फुफ्फुसें ताठ होऊन प्राणवायु आंत जाईना. फुफ्फुसांत कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश असतात, व त्यांच्या अति पातळ भिंतींतून प्राणवायु रक्तांत उतरतो. शरीराच्या रक्षणाकरितां जो दाह पेटतो तोच अनावर झाला म्हणजे ह्या भिंती पाझरतात व वायुकोश पाण्यानें भरतात. मग स्टेरॉइड देऊन दाह शमवावा काय? डॉक्टरांत कित्येक वर्षें दोन तट होते. २०२० च्या आरंभीं कोविडची साथ आली तेव्हां जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरसकट देऊं नये असाच होता.

त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत ऑक्सफर्ड येथील पीटर हॉर्बी व मार्टिन लॅंड्रे यांनीं 'रिकव्हरी' नांवाची परीक्षा सुरूं केली, आणि जूनमध्यें उत्तर मिळालें. नेहमींचे उपचार मिळालेले ४,३२१ रुग्ण एकीकडे, व त्यांशिवाय रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन मिळालेले २,१०४ दुसरीकडे. श्वासयंत्रावर असलेल्यांत २८ दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४१.४ वरून २९.३ वर उतरलें. नुसता प्राणवायु लागत होता त्यांतही तें थोडें उतरलें. परंतु ज्यांस प्राणवायूची गरजच नव्हती त्यांस औषधानें कांहीं लाभ झाला नाहीं. उलट त्या गटांत मृत्यु शेंकडा १४ च्या ठिकाणीं १७.८ दिसले. दाह अनावर होण्यापूर्वीं तोच दाह विषाणूंशीं लढत असतो. त्या वेळीं त्यास दाबणें म्हणजे चोर घरांत असतां राखणदारास झोंपविणें होय.

ह्या शेवटल्या आंकड्याकडे पुष्कळांनीं दुर्लक्ष केलें. २०२१ च्या उन्हाळ्यांत आपल्या महाराष्ट्रांत काय झालें तें पालकांस आठवत असेल. साधा ताप येतांच कित्येकांनीं ओळखीच्या चिठ्ठीवरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या. रक्तांतील साखर वाढली, प्रतिकारशक्ति खालावली, आणि मधुमेह असलेल्यांत विशेषेंकरून म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या बोलण्यांतली काळी बुरशी, नाकाडोळ्यांत शिरली. कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे जबडे काढावे लागले. औषध तेंच होतें. वेळ चुकली होती. (दमा वा अन्य विकारासाठीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें हें औषध घेणाऱ्यांनीं आमचा लेख वाचून तें एकाएकीं सोडूं नये, त्यानेंही अपाय होतो.)

इतकें ऐकून घेतल्यावर आजोबा म्हणाले, "म्हणजे डोक्याच्या मारावर औषधच नाहीं म्हणा कीं!" तसें नाहीं. जपानांतील उताको ओकामोतो ह्या विदुषी व त्यांचे पति शोसुके यांनीं महायुद्धानंतरच्या हलाखींत रक्तावर संशोधन आरंभिलें. रक्तच कां? तर पैसा नव्हता, आणि कमी पडल्यास स्वतःचें काढतां येत होतें! तान्ही मुलगी पाठीशीं बांधून त्या प्रयोगशाळेंत काम करीत. १९६२ सालीं त्यांनीं ट्रॅनेक्झामिक ॲसिड हें औषध जगापुढें मांडलें. रक्ताची गुठळी अकालीं विरघळूं न देणें हें त्याचें कार्य. अपघातांतील रक्तस्रावावर त्याची मोठी परीक्षा होण्यास मात्र बरीच वर्षें लागलीं. २०१० सालीं ४० देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवरील परीक्षेचा निकाल आला. त्यांत हिंदुस्थानांतील इस्पितळेंही होतीं. मृत्यु शेंकडा १६ वरून १४.५ वर आले. मार लागून तीन तासांच्या आंत औषध दिलें तरच रक्तस्रावाचे मृत्यु घटतात, त्यानंतर दिल्यास उलट वाढतात, असेंही दिसून आलें. डोक्याच्या मारावरील परीक्षा २०१९ सालीं पुरी झाली, व सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांस तीन तासांच्या आंत दिल्यास लाभ होतो असें आढळलें. तो निकाल पाहण्यास ओकामोतोबाई नव्हत्या. २०१६ सालीं त्या ९८ व्या वर्षीं वारल्या.

"मग तें तरी नातवास कां दिलें नाहीं?" आजोबांनीं विचारलें. कारण यंत्राच्या चित्रांत कवटीच्या आंत रक्तस्राव दिसला नव्हता व मुलगा पुरा शुद्धीवर आला होता. थांबवावयाचें असें आंत कांहीं नव्हतें. पाहिजे होती ती नजर, आणि ती रात्रभर ठेविली होती. घरीं धाडतांना डॉक्टरांनीं त्याच्या आईस ज्या खुणा सांगितल्या त्या येथें नोंदवितों: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, जागें करूनही न उतरणारी गुंगी, अडखळतें बोलणें, आंकडी, हातापायास आलेला लुळेपणा, लहानमोठ्या झालेल्या बाहुल्या, नाकाकानांतून येणारें पाणी वा रक्त. ह्यांपैकीं एक जरी दिसली तरी रात्र असो वा पाऊस असो, मुलास पुन्हां इस्पितळांत आणावें.