आवाज अँप्लिफायरचा की जोडीचा?

एकाच स्पीकरला दोन अँप्लिफायर आळीपाळीने जोडले तर आवाजात फरक पडतो का, हा वाद ध्वनिप्रेमींमध्ये अर्धशतकापेक्षा जुना आहे. एक पक्ष सांगतो, प्रत्येक अँप्लिफायरला स्वतःचा स्वभाव असतो. दुसरा म्हणतो, चांगला अँप्लिफायर आलेला संकेत जसाच्या तसा मोठा करतो, त्याला कसला आलाय स्वभाव? माझ्या मते दोन्ही पक्ष अँप्लिफायरकडेच पाहत बसतात आणि स्पीकरला विसरतात. ऐकू येणारा फरक खरा असतो तेव्हा तो बहुधा त्या दोघांच्या जोडीत असतो.

स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ छापलेले असते. तो आकडा ढोबळ आहे. वूफर, ट्वीटर आणि त्यांच्यात सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर यांच्यामुळे स्पीकरचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुरागणिक बदलतो. खर्जात वूफर जिथे आपसूक जोराने थरथरू पाहतो तिथे तो ३० ओहमच्या पुढे जाऊ शकतो, आणि थोडे वर गेले की पाचाच्या आसपास उतरतो. अँप्लिफायरच्या आतही असाच थोडा अडथळा असतो, त्याला आउटपुट इंपीडन्स म्हणतात. हे दोन्ही अडथळे एकापुढे एक येत असल्याने व्होल्टेजची त्यांच्यात वाटणी होते. समजा, अँप्लिफायरचा अडथळा २ ओहम आहे, आणि व्हॉल्व्हच्या अनेक अँप्लिफायरमध्ये तो एवढा असतो. स्पीकर ३२ ओहमवर असताना त्याच्या वाट्याला ९४ टक्के व्होल्टेज येते, ४ ओहमवर असताना जेमतेम ६७ टक्के. हा फरक ३ डेसिबलचा झाला. कोणी टोनचे बटण फिरवावे तसा तो कानाला जाणवतो. अडथळा ०.०५ ओहम असेल, जसा चांगल्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचा असतो, तर तोच फरक ०.१ डेसिबलवर येतो. व्हॉल्व्हच्या आवाजाची जी ‘ऊब’ वाखाणली जाते, तिचा मोठा भाग या साध्या भागाकारात आहे. स्पीकर बदला, ऊबही बदलेल.

याचा पडताळा १९८५ साली अमेरिकेत आला. बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाचे आव्हान स्वीकारले. आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमध्ये बदल करत तो एका महागड्या अँप्लिफायरशी जुळवत गेला. दोघांच्या आउटपुटची वजाबाकी जवळजवळ शून्यावर येईपर्यंत त्याने हे काम सोडले नाही. मग मासिकाच्या मुरलेल्या कानांनाही दोघे वेगळे ओळखता आले नाहीत. ज्याला स्वभाव म्हणत होते तो मोजता येत होता, उतरवून घेताही येत होता.

यावर कोणी विचारेल, आजच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचा अडथळा नगण्यच असतो, मग ते सगळे सारखेच का मानू नयेत? आवाज मध्यम असेल आणि स्पीकर सोपा असेल, तर मानायला हरकत नाही. पण आवाज १० डेसिबलने वाढवायला दहापट वीज लागते. सरासरी २ वॅटवर चाललेल्या गाण्यात तबल्याची एखादी थाप २० डेसिबल वर गेली, तर त्या क्षणी २०० वॅट हवेत. ते नसतील तर लाटेचे शेंडे छाटले जातात आणि थाप बोथट होते. ४ ओहमचा स्पीकर त्याच व्होल्टेजला ८ ओहमच्या स्पीकरच्या दुप्पट करंट ओढतो. तो पुरवताना लहान पॉवर सप्लाय दमतो. क्लास-डी, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होत चालणाऱ्या अँप्लिफायरच्या प्रकारात आणखी एक खोच आहे. फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी आउटपुटमधून मागे नेलेला संकेत, शेवटच्या फिल्टरच्या आधीच घेतलेला असेल, तर वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरनुसार कमीजास्त होतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: ‘दुकानात मी स्वतः फरक ऐकला.’ त्यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. मात्र दोन अँप्लिफायरपैकी एक अर्धा डेसिबल जरी मोठा वाजत असेल, तरी कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘अधिक मोकळा’, ‘अधिक स्पष्ट’ म्हणतो. म्हणून दोघांची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून, कोणता वाजतो आहे ते न कळू देता ऐकले, तरच त्या अनुभवाला पुराव्याचे वजन येते. दुकानात हे क्वचितच होते, आणि तिथला स्पीकरही आपला नसतो. तेव्हा अँप्लिफायर घेण्याआधी आपल्या स्पीकरच्या इंपीडन्सचा आलेख मिळतो का ते पाहा. तो खाली कुठवर उतरतो ते बघा, आणि मगच दुकानदाराला विचारा, की ४ ओहमवर हा अँप्लिफायर किती वॅट देतो.