उन्हाळ्यातले जबलपूर: पहाट आणि संध्याकाळ नर्मदेची

मे महिन्यात जबलपूरला जाणार असे सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेलाच, "एवढ्या उन्हात?" प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात इथला पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारी अंग भाजणाऱ्या झळा लागतात आणि पर्यटकांची खरी गर्दी ऑक्टोबर ते मार्च याच काळात असते. पण मुलांच्या शाळेला मोठी सुट्टी उन्हाळ्यातच मिळते आणि नर्मदेचे एक रूपही याच दिवसांत दिसते. फक्त दिवस उन्हाच्या कलाने आखायला हवा.

पाणी उतरते तेव्हा

शहरापासून साधारण २० ते २५ किलोमीटरवर भेडाघाट आहे. इथे नर्मदा संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून वाहते. काही ठिकाणी हे कडे १०० फुटांपर्यंत उंच आहेत. पावसाळ्यात नदी चढली की नौकाविहार बंद होतो आणि मोठ्या पुरात धुवांधार धबधबाही पाण्याखाली दिसेनासा होतो. उन्हाळ्यात पाणी खाली उतरते आणि एरवी बुडालेला कातळ उघडा पडतो. वरच्या बाजूला बरगी धरण असल्यामुळे ऐन मे महिन्यातही प्रवाह वाहता राहतो.

पंचवटी घाटावरून नावा सुटतात. कडे जिथे अगदी जवळ येतात, त्या जागेला 'बंदर कूदनी' म्हणतात. पूर्वी माकडे या काठावरून त्या काठावर उडी मारत, अशी आख्यायिका आहे. नावाडी यमके जुळवत विनोदी हिंदीत सगळी माहिती सांगतात. पावसाळ्यात नावा काठाला लागल्या की त्यांची ही कमाई थांबते. म्हणून मे महिन्यात आलेले प्रत्येक कुटुंब त्यांना मोलाचे असते. भाडे आधी विचारून घ्या आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नावेत बसू नका.

दिवसाची वाटणी

साडेपाचच्या सुमारास उजाडते. आधी चौसष्ट योगिनी मंदिर गाठा. शंभरावर पायऱ्या आहेत, त्यामुळे आजी-आजोबांना थांबत थांबत चढू द्या. कलचुरी राजांच्या काळातले, दहाव्या शतकातले हे मंदिर गोलाकार आहे. कडेने योगिनींच्या मूर्ती आणि मधल्या मंदिरात नंदीवर बसलेले शिव-पार्वती. चपला काढाव्या लागतात आणि ऊन चढले की फरशीवर पाय ठेववत नाही, म्हणून इथे सकाळीच जावे. नंतर धुवांधार आणि नौकाविहार. नावा किती वाजता सुरू होतात ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

दहानंतर उघड्यावर राहू नका. दुपारी जेवण आणि झोप. फार तर राणी दुर्गावती संग्रहालयात कलचुरी काळातली शिल्पे पाहा. जबलपूरची खव्याची जिलेबी आवर्जून खा, पण पोटभर जेवणावर नको.

संध्याकाळी ग्वारीघाटावर जा. नावेने पलीकडच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन या, मग आरतीला बसा. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालणारे परिक्रमावासीही इथे भेटतात.

मुलांसाठी एक गोष्ट

१८२८ मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूरजवळ काही प्रचंड हाडे सापडली. ती डायनोसॉरची होती, हे पुढे कळले. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन तो हाच. भेडाघाट आणि लमेटाघाटाचा हा परिसर २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहे.

उन्हाशी खेळ नको

पाणी, ओआरएस, टोपी आणि सुती कपडे जवळ ठेवा. तहान लागायची वाट न पाहता मुलांना थोडे थोडे पाणी पाजत राहा. अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर सावलीत नेऊन अंग ओल्या कपड्याने पुसा आणि लगेच दवाखाना गाठा. नदी शांत दिसली तरी अनोळखी जागी उतरू नका. धरणातून पाणी सोडले की पातळी वाढते आणि खडक निसरडे असतात.

आपल्याला परके नाही

मुंबईहून थेट रेल्वेगाड्या आहेत आणि नागपूरहून शिवनीमार्गे गाडीने एका दिवसात पोहोचता येते. १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. त्यामुळे इथे मराठी कानावर पडले तर नवल वाटायला नको.

भेडाघाटाच्या कड्यांवर डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर पुराच्या पाण्याच्या खुणा शोधा आणि मुलांना दाखवा. पावसाळ्यात नदी कुठपर्यंत चढते, ते पुस्तकातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा त्यांना तिथे चटकन कळेल.