चिंताग्रस्त मुलं आणि संगणकावरचा सराव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तोंडी परीक्षेआधी पोटात गोळा येणं, चारचौघांत बोलताना आवाज कापणं, मैत्रिणीने मेसेज वाचूनही उत्तर दिलं नाही की ती रागावली असं ठरवून टाकणं, हे थोडंफार प्रत्येकाच्या वाट्याला येतं. काही मुलांच्या बाबतीत मात्र ही धास्ती शाळा, झोप आणि मैत्री यांच्या आड येऊ लागते. सतत धोका हुडकण्याची मनाची सवय संगणकावरच्या सरावाने बदलता येईल का, याचा शोध मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं घेत आहेत. या सरावाकडे कुणी जादू म्हणून पाहतं, तर कुणी पोरखेळ म्हणून. दोन्हीमुळे नुकसान मुलाचंच होतं, म्हणून पुरावा काय सांगतो ते नीट पाहू.

गैरसमज १: ही मुलं मुद्दाम वाईट तेवढंच पाहतात.

वस्तुस्थिती: ठरवून विचार करण्याच्या कितीतरी आधी नजर वळलेली असते. १९८६ मध्ये कॉलिन मॅक्लाउड, अँड्र्यू मॅथ्यूज आणि फिलिप टाटा यांनी हे मोजण्याची एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. पडद्यावर क्षणभर दोन शब्द दिसतात, एक धोक्याचा आणि एक साधा. शब्द पुसले जातात आणि त्यांतल्या एकाच्या जागी ठिपका येतो. ठिपका दिसताच बटण दाबायचं. धोक्याच्या शब्दाच्या जागी ठिपका आला की चिंताग्रस्त माणसं तो लवकर टिपत, कारण त्यांचं लक्ष आधीच तिथे गेलेलं असे. इस्रायलमधील याइर बार-हाइम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा १७२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातही चिंताग्रस्तांमध्ये हा कल आढळला. तेव्हा ‘तू उगाच वाईट विचार करतोस’ असं मुलाला सुनावून काही साधत नाही. त्याला फक्त आणखी एकटं वाटतं.

गैरसमज २: हा सराव म्हणजे ‘सकारात्मक विचार करा’ हाच उपदेश, फक्त पडद्यावर.

वस्तुस्थिती: यात उपदेश नसतोच. मुख्यतः दोन प्रकार वापरात आहेत. पहिला लक्षाचा. चाचणी तीच, पण आता शब्दांऐवजी बहुधा चेहरे असतात, एक रागावलेला आणि एक शांत. ठिपका नेहमी शांत चेहऱ्याच्या जागीच येतो. शेकडो वेळा हे केल्यावर धोक्यावरून नजर काढण्याची सवय लागावी, अशी अपेक्षा असते.

दुसरा प्रकार अर्थ लावण्याचा. मॅथ्यूज आणि बंडी मॅकिन्टॉश यांनी २००० मध्ये तो मांडला. मुलाला दोन अर्थ निघू शकतील असा प्रसंग वाचायला देतात. उदाहरणार्थ: ‘तू वर्गात प्रश्न विचारलास. मागच्या बाकावरची मुलं हसली. त्यांच्यात आधीपासूनच कसला तरी वि_द चालू होता.’ गाळलेलं अक्षर भरून ‘विनोद’ हा शब्द पूर्ण केला की प्रसंगाचा निरुपद्रवी अर्थ मुलाने स्वतःच लावलेला असतो. असे अनेक प्रसंग सोडवताना प्रत्येक हसू आपल्यालाच उद्देशून असतं, ही खात्री सैल व्हावी, हा हेतू.

गैरसमज ३: काही दिवस सराव केला की चिंता जाते.

वस्तुस्थिती: सुरुवातीचे निष्कर्ष उमेद वाढवणारे होते. २०१२ मध्ये इस्रायलमध्ये ८ ते १४ वयाच्या ४० मुलांवर झालेल्या प्रयोगात लक्षाचा सराव केलेल्यांची चिंता कमी झाली. पुढचं चित्र मात्र संमिश्र आहे. २०१५ मध्ये योआना क्रिस्टिया आणि सहकाऱ्यांनी मुलं व किशोरांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. मनाचा कल काही प्रमाणात बदलला, तरी मानसिक त्रासावर ठोस परिणाम त्यांना दिसला नाही. २०२० मध्ये अमेरिकेत, आधीच्या उपचारांनी बरं न वाटलेल्या ६४ मुलांवर प्रयोग झाला. एका गटाला खरा सराव दिला आणि दुसऱ्याला हुबेहूब तसाच दिसणारा, पण नजर कुठेही न वळवणारा सराव. दोन्ही गटांना जवळपास सारखाच फायदा झाला.

म्हणूनच ‘आमच्या ॲपने मुलांना बरं वाटलं’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. तुलनेसाठी दुसरा गट होता का, हे आधी विचारावं.

गैरसमज ४: मग हे सगळं निरुपयोगीच.

वस्तुस्थिती: तसंही नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चिंताग्रस्त मुलांना विचार-वर्तन उपचारांच्या, म्हणजे सीबीटीच्या, जोडीला लक्षाचा सराव दिला. सीबीटीसोबत दिखाऊ सराव दिलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्यात जास्त सुधारणा तज्ज्ञांना दिसली. उपचारांना जोड म्हणून या सरावाला जागा असू शकते. ती जागा कोणत्या मुलासाठी आणि किती, हाच आताच्या संशोधनाचा विषय आहे.

गैरसमज ५: सगळ्या चिंताग्रस्त मुलांना एकच सराव चालतो.

वस्तुस्थिती: चिंता एकाच चालीची नसते. काही मुलांची नजर धोक्याला चिकटून राहते. काही मुलं उलट त्याच्यापासून नजर चुकवतात, आणि चुकवल्यामुळे ‘यात घाबरण्यासारखं काही नव्हतं’ हे शिकण्याची संधीच त्यांना मिळत नाही. अशा मुलाला नजर आणखी दूर न्यायला शिकवण्यात अर्थ नाही. शिवाय ठिपक्याच्या चाचणीत त्याच मुलाचे गुण दोन दिवसांत बरेच वेगळे येऊ शकतात. त्यामुळे एका चाचणीवरून मुलाचं निदान करू नये.

गैरसमज ६: घरी संगणक आहे, तज्ज्ञ कशाला?

वस्तुस्थिती: सर्वांत भक्कम पुरावा आजही माणसांच्या मदतीने होणाऱ्या उपचारांचा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. १२ आठवड्यांनी सीबीटी घेतलेल्यांपैकी ५९.७ टक्के, सर्ट्रालीन हे औषध घेतलेल्यांपैकी ५४.९ टक्के, आणि दोन्ही एकत्र घेतलेल्यांपैकी ८०.७ टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा झाली. औषधासारखी दिसणारी साधी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण २३.७ टक्के होतं. या सीबीटीचा गाभा म्हणजे भीतीला पायरी पायरीने सामोरं जाणं: आधी एका मैत्रिणीसमोर बोलणं, मग चौघींसमोर, मग वर्गासमोर.

आपल्याजवळचं उदाहरण गोव्यातील ‘संगथ’ संस्थेचं आहे. शाळकरी मुलांना अडचणी सोडवायला शिकवणारा ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा मोबाईलवरचा खेळ त्यांनी तयार केला, तेव्हा त्याच्या जोडीला शाळेत समुपदेशकही ठेवला. तो खेळ वेगळ्या पद्धतीचा आहे, पण पडद्यासोबत माणूस ठेवण्याचा विचार इथेही लागू पडतो.

मुलगा किंवा मुलगी कित्येक आठवडे शाळा टाळत असेल, झोपत नसेल, पोट किंवा डोकं सारखं दुखत असेल, तर ॲप शोधण्यात वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. तज्ज्ञांनी संगणकाचा सराव सुचवला तर तो जरूर करा, आणि त्यासोबत भीतीला सामोरं जाण्याची पुढची पायरी कोणती, हेही त्यांना विचारा. चिंता कमी करण्याचं खरं काम त्या पायऱ्यांवर होतं, आणि तिथे मुलाला सोबत लागते ती आपली.