गिट शिकताना कधी काय वाचावे

गिट ही फाइलींमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारी प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहिली. लिनक्सच्या विकसकांना बिटकीपर हे सॉफ्टवेअर फुकट मिळणे बंद झाले होते आणि त्याची जागा भरून काढायची होती. गिट मुळात जाणत्या मंडळींसाठी घडले, त्यामुळे त्याची मूळ माहितीपत्रके नवशिक्याच्या डोक्यावरून जातात.

ज्याने कमांड लिहिण्याची खिडकी कधी उघडलेली नाही, त्याने सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमाच्या गिटवरील धड्यापासून सुरुवात करावी. तो प्रोग्रामरसाठी नव्हे, तर संशोधकांसाठी लिहिलेला आहे. ऐकून शिकणाऱ्याला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ सोयीचे पडतात. एकीकडे व्हिडिओ चालू ठेवून दुसरीकडे तेच करून पाहायचे, अशी त्यांची पद्धत आहे.

खरी अडचण येते ती शाखांपाशी, म्हणजे एकाच कामाच्या समांतर चालणाऱ्या बदलांच्या धाग्यांपाशी. इथे ‘लर्न गिट ब्रँचिंग’ हा ब्राउझरमधला सराव फार उपयोगी आहे. कमिट (बदलांची नोंद) दिले की पडद्यावर नवे वर्तुळ उमटते आणि शाखेचे नाव त्यावर सरकते, म्हणून मर्ज (दोन शाखा जोडणे) आणि रिबेस (एका शाखेचे बदल दुसरीच्या टोकावर पुन्हा रचणे) यांतला फरक डोळ्यांना दिसतो. मात्र त्यात खऱ्या फाइली नसतात. तेव्हा स्वतःच्या एखाद्या फोल्डरमध्ये दोन शाखा काढून एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलावी आणि मर्ज करून पाहावे. गिट अडते आणि दोन्ही मजकूर खुणांच्या रेघांमध्ये फाइलीत मांडून ठेवते. हा तिढा एकदा हाताने सोडवला की पुढे कामात त्याची धास्ती वाटत नाही.

त्यानंतर स्कॉट शॅकन आणि बेन स्ट्रॉब यांचे ‘प्रो गिट’ हे पुस्तक घ्यावे. २०१४ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर मोफत आहे. पहिली तीन प्रकरणे क्रमाने वाचावीत, बाकीची गरजेप्रमाणे. गिट आतून कसे चालते हे सांगणारे दहावे प्रकरण अवघड असले तरी सोडू नये. कमिट म्हणजे नेमके काय साठवले जाते हे कळल्यावर कमांड पाठ करण्याची गरज बरीच कमी होते.

साहित्य कधीचे आहे, हेही पाहावे. स्विच आणि रिस्टोअर या कमांड ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ या आवृत्तीत आल्या. त्याआधीच्या धड्यांत शाखा बदलणे आणि फाइल पूर्ववत करणे ही दोन्ही कामे चेकआउट या एकाच कमांडवर असतात आणि नवशिक्या तिथे हमखास गोंधळतो. जुनी कमांड अजूनही चालते, पण सुरुवात नव्या जोडीने करणे सोपे.