नेटवरचा अर्धा सेकंद

पहाटे ५:३०
रात्री मारलेलं पाणी क्ले कोर्टात नीट मुरलंय. कोर्ट सांभाळणारा मार्कर मातीवर जाळी ओढतो, मी रेषा झाडून घेतो. नेटचा मधला पट्टा ओढून उंची बघतो. ९१.४ सेंटीमीटर भरायला हवी. सैल नेटवर व्हॉली शिकवली, की स्पर्धेत तेच चेंडू नेटमध्ये जातात.

६:००
डबल्सवाले काका हजर. सगळे साठीपुढचे. "सर, आता हात पूर्वीसारखे चालत नाहीत हो." मी म्हणतो, "काका, हातांचं राहू द्या. रॅकेट कुठे आहे बघा." ती गुडघ्याशी लोंबत असते. छातीसमोर धरली, कोपरं अंगापुढे आणली, की तेच हात वेळेत पोचतात. बोपण्णाने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी एब्डनबरोबर २०२४मध्ये जिंकली, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. त्याआधी २०२२मध्ये इथे बालेवाडीत रामकुमारबरोबर जिंकला, तो सामना या काकांपैकी काहींनी पाहिलाय. त्याची रॅकेट कधी खाली पडलेली दिसायची नाही, हे त्यांनाही आठवतं.

७:१५
कॉलेजची मुलं. यांना हिशोब आवडतो, म्हणून हिशोबच सांगतो. बेसलाइनवरून ताशी १०० किलोमीटरने मारलेला चेंडू नेटजवळच्या खेळाडूपर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात येतो. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू व्हायलाच ०.२ सेकंद जातात, आणि ते सरावाने फारसे कमी होत नाहीत. उरलेल्या वेळात रॅकेट मागे नेली, तर संपलंच. म्हणून मी एकेकाला कुंपणाला पाठ लावून उभं करतो आणि समोरून फीड देतो. रॅकेट मागे गेली की जाळीवर खडखडाट होतो. मला ओरडावं लागत नाही.

१०:३०
गटिंगचं, म्हणजे रॅकेटच्या तारा ओढायचं काम. मशीनवर रॅकेट लावून फोनवर कालचे व्हिडिओ बघतो. मग जेवण आणि एक डुलकी.

४:००
छोटी मंडळी. रॅकेटी बाकावर. सर्व्हिस लाइनवरून मी चेंडू टाकतो, त्यांनी एका हाताने अंगापुढे झेलायचा. अंगाशी येऊ दिला तर बाद. व्हॉली म्हणजे रॅकेटने घेतलेला झेल, हे त्यांना सांगावं लागत नाही.

५:३०
स्पर्धा खेळणारा गट. चौदा वर्षांची एक मुलगी तक्रार करते, "माझी रिअ‍ॅक्शनच स्लो आहे, सर." तिला कालचा स्लो मोशन दाखवतो. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. समोरच्याने चेंडू मारला तेव्हा तिचे दोन्ही पाय जमिनीला चिकटलेले. उडी सुरू होते २५ फ्रेमनंतर. एवढ्यात तो चेंडू पावणेतीन मीटर पुढे आलेला असतो. स्प्लिट स्टेपमध्ये समोरचा चेंडू मारत असताना आपण हवेत असायला हवं, आणि दिशा कळता कळता पाय टेकायला हवेत. तासभर ती फक्त उडीची वेळ जुळवते. सुरुवातीला घाईने आधीच उडी मारते, मग हळूहळू समोरच्या रॅकेटकडे बघायला लागते.

७:१५
दिवे लागले. दोघं-दोघं सर्व्हिस लाइनच्या आत, व्हॉली ते व्हॉली. इथे वेळ जेमतेम ०.३ सेकंद. फोरहँड की बॅकहँड हे ठरवण्यातही वेळ जातो, म्हणून अंगावर आलेला चेंडू बॅकहँडनेच घ्यायचा, हे आधीच ठरलेलं. ग्रिपही दोन्हीकडे एकच, काँटिनेंटल. चुका वाढल्या की थांबवतो. दमलेल्या पायांनी चुकीचीच सवय पक्की होते.

८:००
एका मुलीचे वडील विचारतात, "रिअ‍ॅक्शन वाढवायला एखादं अ‍ॅप आहे का?"
"आहे ना," मी म्हणतो. "रात्री दहाला तिचा फोन काढून घ्या आणि झोपायला पाठवा. सहाला कोर्टवर पाहिजे."