अपघात ‘कोणी केला’ आणि ‘कशाने झाला’

रस्त्यावर माणूस दगावला म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. हा अपघात कोणी केला, हा एक. आणि तो कशाने झाला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर घटकाभरात मिळते, कारण चालक तेथेच सापडतो. आणि पळाला असेल तर लोकांच्या दृष्टीने तो दोषी ठरलेलाच असतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र शोधावे लागते. मोटार कामगारांत वावरणाऱ्या आम्हां मंडळींचे म्हणणे एवढेच आहे, की हे उत्तर शोधणारी माणसे आपल्या जिल्ह्यांत आहेत, पण ती एकमेकांना ओळखत नाहीत. ती ओळख कशी वाढवावी, हा आजचा विषय.

प्रथम आकडे पाहू. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. रेल्वेचा गंभीर अपघात झाला, तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नव्हेत, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे असतात. गाडी चालवणाऱ्यानेच निवाडा करू नये, हा त्यामागील शहाणपणा. रस्त्यावरचा मृत्यू मात्र एकेकट्याने येतो. त्याच्या वाट्याला पंचनामा येतो, आयोग येत नाही.

वस्तुतः अपघाताला एकच कारण क्वचित असते. अमेरिकेतील विल्यम हॅडन या डॉक्टरांनी अपघाताकडे साथीच्या रोगासारखे पाहिले. त्यांनी एक साधा तक्ता केला. एका बाजूला माणूस, वाहन आणि परिसर. दुसऱ्या बाजूला अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर. असे नऊ चौकोन झाले. आपला पंचनामा बहुधा एकच चौकोन भरतो : ‘माणूस, अपघातापूर्वी’. बाकीचे आठ कोरे राहतात.

आपल्या रस्त्यावरचेच उदाहरण घ्या. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे जाताना इंग्रजी ‘एस’सारखे वळण लागते. १० एप्रिल २०१८ रोजी तेथे मजुरांचा टेम्पो उलटला आणि किमान १७ माणसे मेली. विजापूर भागातून पोटासाठी निघालेली ती माणसे होती. आता चौकोन भरून पाहा. चालकाचा वेग किती होता? तो किती तास जागा होता? मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. पण टेम्पोवाल्याचे तास कोण मोजतो? माणसांना मालवाहू गाडीतून का जावे लागले? उतारानंतर लगेच वळण का? कठडा धक्का सोसण्याजोगा होता काय? पुढे तेथे नवे जुळे बोगदे खोदण्याचे काम हाती घेतले गेले, आणि ते वळण टाळणे हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे रस्त्याचाही वाटा होता, हे अभियंत्यांनी कामातूनच मान्य केले. चालकाला शिक्षा करून वळण सरळ होत नाही.

तपास हे शास्त्र आहे, अंदाजपंचे काम नव्हे. ब्रेक दाबल्यावर रबराची काळी खूण उमटते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाके पूर्ण जखडून २० मीटर घसरट झाली, तर सुरुवातीचा वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर निघतो. खूण चौपट लांब असेल, तर वेग दुप्पट. पण रस्ता ओला असेल, तर पकड निम्म्यावर येते आणि तीच २० मीटरची खूण ताशी ४२ ते ४५ किलोमीटरच सांगते. पंचनाम्यात ‘रस्ता ओला होता’ हे तीन शब्द राहून गेले, की सावकाश चाललेला चालक बेफाम ठरतो. त्यात चाके जखडू न देणारे नवे ब्रेक असलेल्या गाड्यांची खूण फिकी असते, कधी दिसतही नाही. हे ज्याला ठाऊक नाही, तो ‘ब्रेक दाबलाच नाही’ असे लिहून मोकळा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. तेव्हा त्या तीन शब्दांचे मोल किती, हे सांगावयास नको.

आता जाळ्याकडे वळू. यंत्राचे जाळे तयार आहे. मद्रासच्या आय.आय.टी.ने आखलेली रस्ते-अपघातांची संगणकीय नोंदवही २०२१ च्या सुमारास ज्या पहिल्या सहा राज्यांत आली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरून नोंद करतात. मग परिवहन खाते, रस्तेबांधणी खाते आणि रुग्णालय आपापला भाग भरतात. योजना उत्तम आहे. परंतु चौघांनी चार रकाने भरले, म्हणजे चौघांनी मिळून विचार केला असे होत नाही. रकान्याला शंका विचारता येत नाही. शंका माणसाला विचारावी लागते.

म्हणून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील तपासकांचे एक मंडळ असावे. शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत महामार्ग एकच आहे, चालकही तेच. फायली तेवढ्या जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतात. मंडळात पोलीस अंमलदार, मोटार वाहन निरीक्षक, रस्त्याचे अभियंते, जखमा पाहणारे डॉक्टर, विम्याचे पाहणीदार आणि दावा न्यायाधिकरणात काम करणारे वकील असावेत. शिवाय चालकांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत. सरकारी व्याख्येप्रमाणे साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर ती जागा अपघातप्रवण ठरते. म्हणजे जागा ओळखण्यासाठी आधी माणसे मरावी लागतात! गाडी कोठे थोडक्यात वाचते, हे चालकाला पहिल्या फेरीतच कळते. गळिताच्या हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली कोठल्या चढावर अंधारात उभी असते, हे सांगलीकडच्या चालकाला विचारा.

असे मंडळ वाढते कसे? संघटना बांधण्यात आमची उमर गेली, त्यावरून सांगतो : सभासद नोंदवहीने वाढत नाहीत, काम झाल्याने वाढतात. कराडच्या तरुण फौजदाराने दुपारी विचारलेल्या शंकेला मिरजेच्या जाणत्या निरीक्षकाकडून संध्याकाळपर्यंत उत्तर मिळाले, तर तो फौजदार उद्या आणखी दोघांना आणील. हे काम संगणकाच्या जाळ्यावर रोज व्हावे. मात्र महिन्यातून एकदा एखाद्या वळणावर सर्वांनी फीत घेऊन उभे राहावे. प्रत्यक्ष भेटीशिवाय विश्वास रुजत नाही. नियम थोडे पण कडक हवेत : मृताचे किंवा चालकाचे नाव चर्चेत येऊ नये, न्यायालयात चालू असलेल्या खटल्याचे कागद फिरू नयेत, आणि निष्कर्ष जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी जावा.

याचा आणखी एक लाभ आहे. सरकारी नोकरीत सर्वसाधारणपणे तीन वर्षांनी बदली होते आणि अधिकाऱ्याबरोबर रस्त्याची आठवणही निघून जाते. मंडळ ती आठवण जपील.

कोणी म्हणेल, अशाने दोषी चालक सुटतील. तसे नाही. दारू पिऊन गाडी हाकणारा दोषीच आहे, आणि नीट तपास झाला तर तो अधिक पक्का सापडेल. आमचा आग्रह इतकाच, की एका माणसाला तुरुंगात पाठवून आपण हात धुऊ नयेत. त्याच वळणावर उद्या दुसरी गाडी येणार आहे, आणि तिच्यात आपल्यापैकीच कोणीतरी बसलेले असेल.